शोषणीय अस्थियोजक

कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा तंतुमय दोर), अस्थिबंध (हाडे परस्परांना बांधणारा पट्टा) व संधिकोश (सांध्याभोवतीचे आवरण) यांसारखी मृदू ऊतके (समान रचना व कार्य असणाऱ्या पेशींचे समूह) हाडापासून सुटली म्हणजे ती मूळ जागी धरून ठेवण्यासाठी शस्त्रक्रियेच्या वेळी खुंट्या, नांगर, स्क्रू इ. साधने हाडात बसवितात. यांपैकी जी साधने काम संपल्यावर शरीरातच विघटित होऊन नाहीशी होतात त्यांना शोषणीय अस्थियोजक म्हणतात. खांद्याचे वारंवार निखळणे, खांदा फिरविणाऱ्या स्नायूंच्या कंडरा फाटणे व गुडघ्यातील स्वस्तिकाकृती अस्थिबंध तुटणे या विकारांवरील शस्त्रक्रियांत त्यांचा प्रामुख्याने उपयोग होतो.

कोणत्याही योजकाचे काम तात्पुरते असते. कंडरा व हाड यांच्यामध्ये नवे तंतू निर्माण होऊन जोड पक्का झाला की योजकाची गरज उरत नाही. तोपर्यंत मात्र सांध्यावर येणारा सर्व ताण त्यालाच सोसावा लागतो. धातूच्या योजकाचे बल या काळात बहुधा बदलत नाही. शोषणीय योजकाचे बल पहिल्या दिवसापासून घटू लागते, तर जोडाचे बल शून्यापासून वाढत जाते. घटणारे बल व वाढणारे बल यांची बेरीज सांध्यावरील ताणापेक्षा कोणत्याही आठवड्यात कमी पडता कामा नये, ही या साधनांच्या रचनेतील मूळ अट होय. म्हणून शोषणीय योजकाचे यांत्रिक बल ही एक संख्या नसून काळानुसार बदलणारी राशी आहे. हे तत्त्व आज उघड वाटत असले, तरी ते पुरते लक्षात येण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. या साधनांचा इतिहास हा बराचसा त्या आकलनाचाच इतिहास आहे.

पूर्वेतिहास : शरीरात विरघळणारा दोरा ही कल्पना प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात जखम शिवण्यासाठी अश्मंतकाच्या सालीचे तंतू, ताग व जवस यांचे सूत, केस, मूर्वा व गुळवेल यांचे तंतू यांबरोबर प्राण्यांच्या स्नायूंच्या दोऱ्याचाही निर्देश आहे. ग्रीक वैद्य गेलेन यांच्या लेखनात आतड्यापासून केलेल्या दोऱ्याचा उल्लेख आढळतो. अमेरिकेतील शस्त्रक्रियाविशारद फिलिप सिंग फिझिक (१७६८–१८३७) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रक्तवाहिन्या बांधण्यासाठी कातड्याच्या शोषणीय पट्ट्या वापरून पाहिल्या. तथापि निर्जंतुकीकरणाचे ज्ञान नसल्यामुळे दोरा शरीरात ठेवला की जखम पिकण्याचा धोका असे. दोरा शोषला गेला की पुवामुळे कुजून सुटला, हे कळण्यास मार्ग नव्हता.

ही अडचण ब्रिटिश शस्त्रक्रियाविशारद जोझेफ लिस्टर (१८२७–१९१२) यांनी दूर केली. मेंढीच्या आतड्यापासून तयार केलेला ‘कॅटगट’ हा दोरा कार्बॉलिक अम्लात मुरवून त्यांनी १८६८ च्या अखेरीस एका वासराची मानेतील रोहिणी बांधली. सुमारे एक महिन्यानंतर तपासणी केली असता दोऱ्याच्या जागी सजीव ऊतकाचे कडे तयार झालेले आढळले. ही निरीक्षणे १८६९ मध्ये प्रसिद्ध झाली. दोरा नाहीसा होत असताना त्याची जागा शरीराने घ्यावी, ही अपेक्षा येथे प्रथमच प्रयोगाने सिद्ध झाली. पुढे क्रोमियमाच्या लवणांची प्रक्रिया करून कॅटगटाचे शोषण लांबविण्यात आले. तरीही या दोऱ्यात एक मूलभूत उणीव राहिली. त्याचे विघटन शरीरातील एंझाइमांकडून (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांकडून) होते व त्यांचे प्रमाण रुग्णागणिक व जखमेगणिक बदलते. संसर्ग झालेल्या जखमेत तर दोरा फारच लवकर निर्बल होतो. किती दिवसांनी किती बल उरेल हे सांगता येत नसल्यामुळे हाडावरील जोडासाठी तो विश्वासार्ह ठरला नाही.

हाडाशी जोडण्याच्या जुन्या पद्धती : मृदू ऊतक हाडाला जोडण्याची सर्वांत जुनी खात्रीची पद्धत म्हणजे हाडाला भोके पाडून त्यांतून दोरा ओवणे ही होय. जर्मन शस्त्रक्रियाविशारद गेओर्ग पेर्टेस (१८६९–१९२७) यांनी १९०६ मध्ये वारंवार निखळणाऱ्या खांद्याचे मूळ संधिकोश उखळीच्या काठापासून सुटण्यात आहे, असे दाखविले. अमेरिकेतील अर्नेस्ट एमरी कॉडमन (१८६९–१९४०) यांनी १९११ मध्ये खांद्यावरील फाटलेली कंडरा शिवल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. लंडन येथील आर्थर सिडनी ब्लंडेल बँकार्ट (१८७९–१९५१) यांनी १९२३ व १९३८ मधील लेखांत सुटलेला संधिकोश उखळीच्या काठाला भोके पाडून शिवण्याची शस्त्रक्रिया वर्णिली. ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. हॅरिसन मक्लॉक्लिन यांनी १९४४ मध्ये भुजास्थीत चर खणून त्यात फाटलेल्या कंडरेचे टोक बसविण्याची पद्धत मांडली. या सर्व पद्धतींत जखम मोठी करावी लागे. सांध्याच्या खोल कोपऱ्यात भोके पाडणे कष्टाचे असे आणि विरळ हाडात दोरा हाड कापून बाहेर येई.

हातावरील शस्त्रक्रियांचे अमेरिकन प्रवर्तक स्टर्लिंग बनेल (१८८२–१९५७) यांनी वेगळा मार्ग काढला. कंडरा पोलादी तारेने हाडाशी ओढून धरायची, तारेचे टोक त्वचेबाहेर गुंडीवर बांधायचे व जोड पक्का झाल्यावर तार ओढून काढायची, अशी ही पद्धत होती. योजक तात्पुरता असावा हे तत्त्व तीत स्पष्ट दिसते. फक्त तो नाहीसा करण्याचे काम शरीराऐवजी शस्त्रक्रियाविशारदाकडे होते. खांद्यासारख्या खोल सांध्यात हे शक्य नव्हते. तेथे धातूचे यू आकाराचे खिळे (स्टेपल) व स्क्रू वापरले जाऊ लागले. दक्षिण आफ्रिकेतील जोहॅनिसबर्ग येथे दीर्घकाळ प्रचलित असलेल्या खिळ्यांच्या शस्त्रक्रियेचा चोवीस वर्षांचा अनुभव ड्यू टॉइट व रू यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केला. तिने खांदा बहुधा स्थिर होई. परंतु हालचाल करणाऱ्या सांध्याशेजारी राहिलेला धातू कालांतराने सैल होऊन सरकतो, हे हळूहळू दिसून आले. झुकरमन व मॅटसन यांनी १९८४ मध्ये खांद्यातील स्क्रू व खिळे यांमुळे त्रास झालेल्या ३७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी बहुतेकांना पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले आणि काहींच्या सांध्यातील उपास्थीची (कूर्चेची) कायमची हानी झाली होती. काम संपताच नाहीशा होणाऱ्या योजकाची गरज या अनुभवातून तीव्रतेने जाणवली.

संश्लिष्ट बहुवारिके : या गरजेला उत्तर बहुवारिकांच्या (अनेक लहान रेणू साखळीसारखे जोडून बनलेल्या प्रचंड रेणूंच्या पदार्थांच्या) रसायनशास्त्राने दिले. नायलॉनाचे जनक वॉलेस ह्यूम कारदर्स (१८९६–१९३७) व त्यांचे सहकारी यांनी १९३२ मध्ये लॅक्टाइडापासून कमी रेणुभाराचे बहुवारिक तयार केले होते. लॅक्टिक व ग्लायकॉलिक अम्लांच्या बहुवारिकांचे पाण्याने विघटन होते, त्यामुळे वस्त्रोद्योगाच्या दृष्टीने ती निरुपयोगी ठरली व अनेक वर्षे दुर्लक्षित राहिली. हाच दोष शस्त्रक्रियेत गुण ठरला. अमेरिकेतील श्मिट व पोलिस्टिना यांनी पॉलिग्लायकॉलिक अम्लाच्या शस्त्रक्रियोपयोगी दोऱ्याचे एकस्व (पेटंट) १९६७ मध्ये मिळविले व हा दोरा १९७० च्या सुमारास बाजारात आला. ग्लायकॉलिक व लॅक्टिक अम्लांच्या सहबहुवारिकाचा पॉलिग्लॅक्टिन ९१० हा दोरा १९७४ च्या सुमारास, तर त्याहून सावकाश विघटित होणारा पॉलिडायॉक्सॅनोनाचा दोरा १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत वापरात आला.

दोऱ्यापलीकडे घन आकाराच्या साधनांसाठी पॉलिलॅक्टिक अम्ल वापरण्याची सूचना आर्. के. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये केली. हे काम अमेरिकेतील वॉल्टर रीड या सैनिकी वैद्यकीय केंद्रात झाले. गिनीपिग व उंदीर यांच्या शरीरात हे बहुवारिक विषारी ठरत नाही व त्याचे सावकाश विघटन होते, असे त्यांनी दाखविले. शरीरात विरणाऱ्या पॉलिलॅक्टिक अम्लाच्या साधनांसंबंधीच्या पुढील संशोधनाचा हा आरंभबिंदू मानला जातो.

विघटनाची प्रक्रिया : या बहुवारिकांच्या साखळीतील एस्टर बंध पाण्यामुळे तुटतात. या क्रियेस जलीय विच्छेदन म्हणतात. तीत एंझाइमांवर मुख्य भिस्त नसल्यामुळे विघटनाचा वेग कॅटगटाच्या मानाने बराच निश्चित असतो. प्रथम साखळ्या तुटून सरासरी रेणुभार घटतो, त्यानंतर बल घटते व वस्तुमान सर्वांत शेवटी घटते. म्हणून योजक चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमेत जागच्या जागी दिसत असला, तरी त्याचे बल पूर्वीच संपलेले असू शकते. शेवटी उरलेली लॅक्टिक व ग्लायकॉलिक अम्ले चयापचयात (शरीरातील रासायनिक घडामोडींत) शिरून कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी यांच्या रूपाने बाहेर पडतात. फ्रान्समधील लि व व्हेर यांनी १९९० च्या सुमारास दाखविल्याप्रमाणे जाड तुकड्याच्या गाभ्यात निर्माण झालेले अम्ल बाहेर पडू शकत नाही व ते विघटनाला आणखी वेग देते. त्यामुळे जाड साधन बाहेरून शाबूत असताना आतून पोकळ होऊ शकते. दोऱ्यावरील अनुभव स्क्रूला जसाच्या तसा लागू करता येत नाही, याचे हे एक कारण आहे.

वेगवेगळ्या पदार्थांच्या कालमानात मोठा फरक असतो. पॉलिग्लॅक्टिनाच्या दोऱ्याचे बल सु. ३ आठवड्यांत निम्मे होते व दोरा सु. ५६ ते ७० दिवसांत शोषला जातो. पॉलिडायॉक्सॅनोनाचे बल निम्मे होण्यास सु. ४ आठवडे व संपूर्ण शोषणास सु. ६ महिने लागतात. डावा-उजवा भेद असणाऱ्या लॅक्टिक अम्लाच्या दोन रूपांपैकी केवळ एल् रूपापासून बनलेले बहुवारिक अधिक स्फटिकी असते. ते कित्येक महिने बल टिकविते, पण पूर्णपणे नाहीसे होण्यास त्याला अनेक वर्षे लागतात. त्यात डी रूप किंवा ग्लायकॉलिक अम्ल मिसळल्यास स्फटिकीपणा घटतो व विघटन लवकर होते. गॅमा किरणांनी निर्जंतुक केल्यासही साखळ्या तुटतात. त्यामुळे साधन रुग्णाच्या शरीरात शिरण्यापूर्वीच काही अंशी निर्बल झालेले असू शकते. कडकपणातही ही द्रव्ये धातूंच्या खूप मागे असतात. पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक सु. २०० व दाट हाडाचा सु. १० ते २० गिगॅपास्काल असतो, तर पॉलि-एल्-लॅक्टिक अम्लाचा तो सु. ३ गिगॅपास्काल भरतो.

फिनलंडमधील कार्य : घन शोषणीय साधनांचा रुग्णांवरील पद्धतशीर वापर फिनलंडमध्ये सुरू झाला. टांपेरे येथील पेर्टी टर्माला यांनी बहुवारिकाचे तंतू त्याच बहुवारिकाच्या आधारकात बसवून ‘स्वप्रबलित’ दांडे तयार केले. साध्या साच्यातील दांड्यांपेक्षा ते पुष्कळ बळकट होते. हेल्सिंकी येथे पेंटी रोकानेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये घोट्याच्या अस्थिभंगांत शोषणीय दांडे बसविले व आरंभीचे निष्कर्ष १९८५ मध्ये प्रसिद्ध केले. हाडे जुळली व धातू काढण्याची दुसरी शस्त्रक्रिया टळली. मात्र काही रुग्णांत दोन-तीन महिन्यांनी जखमेच्या जागी जंतुविरहित सूज येऊन द्रव पाझरू लागला. ओले बस्टमन यांनी या प्रतिक्रियेचा अनेक वर्षे मागोवा घेतला. त्यांनी व पिहलायामाकी यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार २,५२८ रुग्णांपैकी १०८ जणांत (४·३ टक्के) लक्षणीय प्रतिक्रिया उद्भवली होती. पॉलिग्लायकॉलिक अम्लाच्या बाबतीत हे प्रमाण ५·३ टक्के होते व प्रतिक्रिया सरासरी ११ आठवड्यांनी दिसली. पॉलिलॅक्टिक अम्लाच्या बाबतीत ४९१ रुग्णांपैकी एकातच ती आढळली, पण चार वर्षांहून अधिक काळानंतर. लवकर विरघळणारे द्रव्य एकदम बरेच अम्ल सोडते व सावकाश विरघळणारे द्रव्य त्रास पुढे ढकलते, असा याचा अर्थ होता.

खांद्यातील योजक : संधिदर्शकातून शस्त्रक्रिया करण्याचे तंत्र १९७० नंतर पसरले. बोटाएवढ्या छिद्रातून हाडात आरपार भोके पाडणे दुरापास्त असल्यामुळे हाडात रुतून राहणारा व मागे दोरा सोडणारा छोटा नांगर हवा होता. असे धातूचे नांगर १९८० नंतरच्या दशकात प्रचारात आले. त्याच्या पुढची पायरी म्हणजे वॉर्नर व वॉरन यांनी १९९१ च्या सुमारास वर्णिलेली पॉलिग्लायकोनेटाची (ग्लायकॉलिक अम्ल व ट्रायमिथिलीन कार्बोनेट यांच्या सहबहुवारिकाची) रुंद डोक्याची पोकळ खुंटी होय. ती संधिकोशातून थेट उखळीच्या काठात ठोकली जाई व गाठ मारावी लागत नसे. तिचे बल मात्र सु. ४ आठवड्यांत बहुतांशी संपे. इतक्या काळात जोड पुरेसा पक्का झालेला नसतो. शिवाय काही रुग्णांत सांध्यातील अस्तरत्वचेचा शोथ (दाहयुक्त सूज) झाल्याचे १९९४ मध्ये नोंदविले गेले. येथे घटणारे बल वाढत्या बलाला भेटण्यापूर्वीच संपत होते.

यावर उपाय म्हणून सावकाश विघटित होणाऱ्या पॉलि-एल्-लॅक्टिक अम्लाचे व त्याच्या मिश्र रूपांचे स्क्रूसारखे आटे असलेले नांगर आले. कंडरा कोठे रुजते या प्रश्नाचे उत्तरही याच सुमारास मिळाले. बोकडांवरील १९९५ मधील एका प्रयोगात सेंट पीएर व सहकाऱ्यांना असे आढळले की, हाडात चर खणून बसविलेली कंडरा व हाडाच्या केवळ पृष्ठभागावर धरून ठेवलेली कंडरा यांच्या बलात ६ व १२ आठवड्यांनंतर फरक पडत नाही. यामुळे मक्लॉक्लिन यांच्या चराची आवश्यकता उरली नाही व पृष्ठभागावर धरून ठेवणाऱ्या नांगराला आधार मिळाला.

गुडघ्यातील योजक : अग्र स्वस्तिकाकृती अस्थिबंध तुटल्यास रुग्णाच्याच शरीरातील कंडरा घेऊन ती ऊर्वस्थी व अंतर्जंघास्थी यांत पाडलेल्या बोगद्यांत बसवितात. कंडरेचे टोक बोगद्याच्या भिंतीशी दाबून धरण्यासाठी स्क्रू पाचरीप्रमाणे ठासला जातो. जपानी संशोधक कुरोसाका व त्यांचे सहकारी यांनी १९८७ मध्ये ९ मिमी. व्यासाच्या धातूच्या पाचर-स्क्रूने तुलनेतील इतर पद्धतींपेक्षा अधिक बल (सु. ४७५ न्यूटन) मिळते, असे दाखविले. दैनंदिन हालचालींत या अस्थिबंधावर सु. ४५४ न्यूटन ताण येतो, असा अंदाज नॉइस व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मांडला होता. दोन आकड्यांमधील अंतर किती थोडे आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. शोषणीय स्क्रू या सीमेवरच उतरला. १९९६ मध्ये पेन्या व सहकाऱ्यांनी मृत व्यक्तींच्या गुडघ्यांवर केलेल्या चाचण्यांत धातूच्या स्क्रूचा जोड सरासरी सु. ६४० न्यूटन बलाला, तर शोषणीय स्क्रूचा सु. ४१८ न्यूटन बलाला सुटला. यावरून शोषणीय स्क्रू त्याज्य ठरावा असे वाटेल, पण तसे झाले नाही. स्क्रूचा आकार, आटे, बोगद्याशी असलेले प्रमाण व हाडाची घनता यांचा निकालावर मोठा परिणाम होतो, हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले. पेच फिरविताना ठिसूळ स्क्रूचे डोके मोडण्याची अडचणही स्क्रूच्या पूर्ण लांबीत शिरणारे पेचकस वापरून बरीचशी दूर करण्यात आली. धातूचा आटा कंडरेला कापण्याचा संभव बहुवारिकात कमी असतो आणि प्रतिमांकनात धातूमुळे येणारे दोषही टळतात.

बलमापनाचे प्रश्न : योजकाचे बल मोजण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे तो प्राण्याच्या हाडात बसवून दोरा सरळ ओढणे व कोणत्या बलाला काय निकामी झाले याची नोंद करणे ही होय. अमेरिकेतील अ‍ॅलन बार्बर व सहकाऱ्यांनी १९९३ पासून डुकराच्या ऊर्वस्थीवर अशा चाचण्यांची मालिका चालवून अनेक नांगरांची तुलना उपलब्ध केली. कमकुवत दुवा कोणता हे या चाचण्यांतून दिसते : हाडातून नांगर उपटला जातो, नांगराच्या छिद्राची कडी तुटते, दोरा तुटतो किंवा दोरा कंडरा कापून बाहेर येतो. दोरे साधे होते तोवर बहुधा दोराच आधी तुटे. अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलिनाचे बळकट दोरे २००० नंतर आले, तेव्हा शोषणीय नांगराची कडी हाच दुबळा दुवा ठरू लागला. एक भाग सुधारला की दोष दुसऱ्या भागात सरकतो, असा हा अनुभव आहे.

सरळ एकदाच ओढण्याच्या चाचणीला तीन मर्यादा आहेत. पहिली म्हणजे शरीरात ताण एकदा न येता हजारो वेळा थोडाथोडा येतो. स्टीव्हन बर्कहार्ट व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये आवर्ती ताणाखाली केलेल्या प्रयोगांत नांगरामुळे दुबळा दुवा हाडाकडून कंडरेकडे सरकतो, असे दिसले. दुसरी मर्यादा दिशेची आहे. नांगर कुंपणाच्या खांबाला ताणून धरणाऱ्या पुरलेल्या ओंडक्याप्रमाणे तिरपा बसवावा, असे बर्कहार्ट यांनी १९९५ मध्ये प्रतिपादिले. पुढे २००९ मधील स्ट्राउस व सहकाऱ्यांच्या चाचण्यांत मात्र काटकोनात बसविलेले नांगर अधिक टिकले. तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची आहे. कोरड्या टेबलावर खोलीच्या तापमानाला केलेली चाचणी फक्त पहिल्या क्षणाचे बल सांगते. ३७° से. तापमानाच्या ओल्या परिसरात बहुवारिक पाणी शोषून मऊ होते व स्थिर ताणाखाली हळूहळू ताणत जाते. याला विसर्पण म्हणतात. त्यामुळे न तुटताही योजक ढिला पडू शकतो व कंडरा हाडापासून किंचित दूर सरकते. काही मिमी. अंतर पडले तरी जोड नीट रुजत नाही.

जोडाचे बल किती वेगाने वाढते याचे मापन हा प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग होय. न्यूयॉर्क येथील स्कॉट रोडिओ व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कुत्र्यांच्या हाडातील बोगद्यात कंडरा बसवून २, ४, ८, १२ व २६ आठवड्यांनी ती ओढून पाहिली. पहिल्या ८ आठवड्यांपर्यंत ती बोगद्यातून उपटून येत असे. १२ आठवड्यांनंतर मात्र जोड टिकून राही व बिघाड अन्य ठिकाणी होई. प्राण्यांवरील निष्कर्ष माणसाला तंतोतंत लागू होत नसले, तरी योजकाला किमान दोन-तीन महिने भरवशाचे बल टिकविले पाहिजे, हा निकष यातून मिळाला. चार आठवड्यांची खुंटी का अपुरी पडली व अनेक महिने टिकणारे पॉलिलॅक्टिक अम्ल का स्वीकारले गेले, याचा खुलासा या आकड्यांत आहे.

उशिरा उद्भवणारे दोष : गरजेपेक्षा फार काळ टिकणे हाही दोष ठरू शकतो. नेदर्लंड्समध्ये गालाच्या हाडाच्या अस्थिभंगासाठी पॉलि-एल्-लॅक्टिक अम्लाच्या पट्ट्या बसविलेल्या रुग्णांत सु. तीन वर्षांनी सूज आल्याचे बर्ग्समा व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कळविले. या द्रव्याचे स्फटिकी कण ५·७ वर्षांनंतरही ऊतकात शिल्लक होते, असे १९९५ मध्ये दिसून आले. खांद्यातही असे घडले. पॉलि-एल्-लॅक्टिक अम्लाचे योजक बसविल्यानंतर पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागलेल्या ४४ रुग्णांचे वृत्त २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत अनेकांच्या सांध्यात योजकाचे तुकडे व बऱ्याच जणांत उपास्थीची झीज आढळली. शोषल्या गेलेल्या योजकाची जागा नवे हाड घेईलच असेही नसते. पुष्कळदा तेथे तंतुमय ऊतक भरते किंवा पोकळी रुंदावते व पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागल्यास नवा योजक रोवण्यास हाडच उरत नाही. लिस्टर यांना वासराच्या रोहिणीत दिसलेले प्रतिस्थापन हाडात आपोआप घडत नाही, असा हा धडा होता.

संमिश्र व अन्य साधने : या अनुभवानंतर बहुवारिकात ट्रायकॅल्शियम फॉस्फेट किंवा हायड्रॉक्सिॲपेटाइट ही हाडाशी साम्य असणारी खनिजे मिसळून संमिश्र योजक तयार करण्यात आले. खनिजामुळे अम्लता काही प्रमाणात निष्प्रभ होते, कडकपणा वाढतो व नव्या हाडाला आधार मिळतो. मात्र खनिजाचे प्रमाण फार वाढविल्यास स्क्रू ठिसूळ होतो. दुसरीकडे पॉलिईथर ईथर कीटोन या न विरघळणाऱ्या, पण क्ष-किरणांना पारदर्शक बहुवारिकाचे व संपूर्णपणे दोऱ्याच्याच गाठीपासून बनलेले नांगरही प्रचारात आले. या नांगरांनी शोषणाचा प्रश्न सोडविण्याऐवजी टाळला आहे. विरघळणाऱ्या धातूची जुनी कल्पनाही पुन्हा पुढे आली. बेल्जियन शस्त्रक्रियाविशारद आल्बँ लांबोत (१८६६–१९५५) यांनी १९०७ मध्ये पायाच्या अस्थिभंगावर पोलादी खिळ्यांनी बसविलेली मॅग्नेशियमाची पट्टी काही दिवसांतच वायू निर्माण होऊन नष्ट झाली होती. मॅग्नेशियमाच्या मिश्रधातूंचे क्षरण नियंत्रित करता येऊ लागल्यावर त्यांच्या स्क्रूला २०१३ मध्ये यूरोपात मान्यता मिळाली.

मूल्यमापन : शोषणीय अस्थियोजकांच्या विकासात प्रारंभी जास्तीत जास्त बल हे उद्दिष्ट मानले गेले. लवकर विरघळणारी खुंटी फसल्यावर दीर्घकाळ टिकणारे द्रव्य आले व त्याचे कण वर्षानुवर्षे रेंगाळल्यावर मध्यम गतीचे मिश्रण शोधले गेले. या दोन्ही चुकांची किंमत रुग्णांच्या सांध्यांनी मोजली. आज योजकाची निवड करताना त्याचे पहिल्या दिवसाचे बल, दोन ते तीन महिन्यांनंतरचे बल, त्याच्या शोषणाचा अवधी व शोषणानंतर त्याच्या जागी काय भरते या चारही गोष्टींचा विचार केला जातो. रुग्णाचे वय, हाडाची घनता, कंडरेची स्थिती व शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामाचा क्रमही यांच्याशी निगडित असतो. कारण सांध्यावर केव्हा व किती ताण येऊ द्यावयाचा हे ठरविणे म्हणजे योजकाच्या घटत्या बलाला अवसर देणेच होय. जोड पक्का करण्याचे काम अखेरीस शरीरच करते. योजकाचे काम शरीराला त्यासाठी पुरेसा वेळ मिळवून देणे व नंतर निरुपद्रवीपणे नाहीसे होणे एवढेच असते.